पाण्यानं मुकी झालेली चकती

मित्रांनो, शर्टाच्या बटणाएवढी, करड्या रंगाची एक चकती म्हणजे मी. मला पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिक म्हणतात. नाव जड असलं तरी काम साधं आहे. वीज दिली की मी थरथरते, आणि कुणी मला थरथरवलं की मी वीज देते. कारखान्यात भुकटी दाबून मला घडवलं, भट्टीत भाजलं आणि दोन्ही अंगांना चांदीचा पातळ मुलामा दिला. मग एका यंत्राच्या, पोटावर टेकवायच्या मुठीत, प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यामागे मला बसवलं. पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारं ते यंत्र १९९८ साली चंदगड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आलं.

तिथल्या चन्नम्मा सिस्टर गडहिंग्लजकडच्या. घरी कानडी, दवाखान्यात मराठी. पोटावर मूठ टेकली की मी पाठवलेला, माणसाला ऐकू न येणारा नाद बाळाच्या हृदयावर आपटून परत येई आणि यंत्रातून धक्‌धक्‌ सुरू होई. "ऐक गं, घोडं कसं पळतंय!" असं सिस्टर म्हणाल्या की डोंगरवाडीवरून चालत आलेली बाई थकवा विसरून हसे.

सिस्टरांचा माझ्यावर भारी जीव. रोज काम संपलं की त्या अख्खी मूठ पाण्यात बुडवून धूत आणि तशीच ओली कपाटात ठेवत. एकदा लसीकरणाच्या गडबडीत मूठ टेबलावरून पडली. पडद्याला केसाएवढी चीर गेली. ती कुणाला दिसली नाही, पाण्याला मात्र सापडली.

माझ्या कडेनं ओल बसली. जी वीज मला थरथरवायची, ती त्या ओलीच्या वाटेनं निसटू लागली. चांदी काळवंडून जागा सोडू लागली, माझ्या अंगातल्या बारीक भेगा वाढू लागल्या. माझा आवाज वर्षागणिक बसत गेला. सिस्टर बिचाऱ्या यंत्राचं आवाज वाढवायचं बटण आणखी फिरवत राहिल्या.

२००४ च्या जुलैत आठ महिन्यांची गरोदर स्वप्नाली सासूबरोबर आली. चेहरा उतरलेला.

"सिस्टर, कालपासनं पोटात हललंच न्हाय ओ."

सिस्टरांनी मूठ टेकली. उजवीकडे, डावीकडे, बेंबीखाली फिरवली. मी जिवाच्या आकांतानं थरथरायला बघत होते, पण आवाज फुटेना. सासू धोंडुबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली.

"ऐकू येत न्हाय व्हय? खरं सांगा की!"

सिस्टरांनी मूठ उचलून स्वतःच्या मानेच्या शिरेवर धरली. तिथंही चिडीचूप.

"अगं, माझंबी काळीज ऐकू येत न्हाय, आणि मी तर जिती हाय!" त्या म्हणाल्या. "यंत्रच मुकं झालंय."

त्यांनी बाळाचे ठोके ऐकायची जुनी लाकडी नळी काढली, पोटाला लावली, कान टेकवला आणि घड्याळाकडे पाहत मिनिटभर ठोके मोजले.

"एकशे चाळीस! झ्याक चाललंय. तरी आत्ताच जीपनं डॉक्टरांकडं जायचं."

धोंडुबाईंनी सुनेला हात देऊन उठवलं. तीन आठवड्यांनी स्वप्नालीला धडधाकट मुलगी झाली.

पुढच्या सुट्टीला सिस्टर मला घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेल्या. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शशिधरनं मूठ उघडली. आतून पाण्याचा थेंब ओघळला.

"पाण्यात बुडवत होता काय, सिस्टर?"

"व्हय. रोज. स्वच्छ राहावं म्हणून."

त्यानं मला दिव्याखाली वाळवलं. थोडा आवाज आला आणि पुन्हा बसला. ओल काढता येते, भेगा बुजत नाहीत. त्यानं नवी चकती बसवली. सिस्टरांनी मला कापसात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ओल्या फडक्यानं हलकं पुसा, लगेच कोरडं करा, आणि चीर दिसली की वापर थांबवा. ही माझी विनंती. पण सिस्टर हे माझ्याहून चांगलं सांगतात. नवी नर्स आली की त्या मला तिच्या तळहातावर ठेवतात आणि सगळ्यांसमोर, आवाज जराही खाली न आणता म्हणतात, "बघ. ही माझ्याच हातानं बिघडली."