दोन बोटांची फट

थंडी म्हणजे काय, हे मिस्त्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं निदान मिस्त्रीचं मत होतं. बावीस वर्षं तो शीतगृहात मेकॅनिक होता. उणे अठराच्या खोलीत उभं राहून त्याने पाने फिरवले होते, पाइप बदलले होते, आणि आतमध्ये अडकलेल्या एका मॅनेजरला बाहेर काढून वर त्यालाच दार नीट लावायला शिकवलं होतं. त्यामुळे शुक्रवारी दुपारी, बर्फाने झाकलेल्या माळावर सहा कुटुंबांना गोळा करून कॅम्पवाल्या ताई 'थंडीला घाबरायचं नाही' वगैरे बोलायला लागल्या, तेव्हा तो मागे उभा राहून आधी घड्याळाकडे, मग आभाळाकडे, मग खारूच्या टोपीकडे बघत राहिला. टोपी कानांच्या वर सरकली होती. त्याने ती खाली ओढली. खारूने वर केली. त्याने पुन्हा खाली ओढली.

"बाबा, मला ऐकू येत नाहीये," खारू म्हणाली.

खारू म्हणजे त्याची मुलगी. वय वर्षं दहा. लहानपणी पडद्यावर सरसर चढायची म्हणून तिला खारू नाव पडलं, ते चिकटलं, पण चढणं दोन वर्षांपूर्वी थांबलं. त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस ती इस्पितळात होती. अकराही दिवस मिस्त्री खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून होता आणि तिच्या छातीचा भाता वर-खाली होताना बघत होता. खारू बरी होऊन घरी आली. मिस्त्री मात्र त्या खुर्चीतून अजून उठलाच नव्हता म्हणा ना. घरातल्या प्रत्येक खिडकीच्या कडेला त्याने रबरी पट्टी बसवली. शाळेत खेळाच्या तासाला बसून राहायची चिठ्ठी दिली. मुलगी जिना चढून आली की तो दारात उभा राहून तिचा श्वास ऐके. मुलीलाही हळूहळू जिना दमाने चढायची सवय लागली.

आता शाळेची पाच दिवसांची हिवाळी सहल होती. अख्खा वर्ग बर्फात तंबू ठोकून राहणार होता. गेल्या वर्षी खारू गेली नव्हती. ते पाच दिवस तिने शाळेच्या वाचनालयात बसून जुन्या पुस्तकांना कव्हरं घातली, आणि ते बघायला तिची आई समोरच होती, कारण त्या वाचनालयाची ग्रंथपाल तीच. सहाव्या दिवशी वर्ग परत आला, मुलं गालावर उन्हाचे चट्टे घेऊन एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती, आणि खारूला त्यातला एकही विनोद कळेना. ग्रंथपाल बाईंनी तेव्हाच मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

"एक रात्र," या वर्षी संमतीचा फॉर्म घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. "नवशिक्या कुटुंबांसाठी शुक्रवार ते रविवार कॅम्प असतो. तू बरोबर, मी बरोबर. एक रात्र ती बर्फात नीट झोपली तर तू सही करायचीस. नाही झोपली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मिस्त्री हो म्हणाला, कारण नाही म्हणायला त्या क्षणी काही सुचेना. फॉर्म घडी करून त्याने जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. सोमवारी सकाळी तो शाळेत द्यायचा होता. त्या खिशापाशी त्याचा हात दिवसातून वीस वेळा जायचा, पाकीट मारलं जाईल अशी भीती असलेल्या माणसाचा जावा तसा.

ताईंनी सगळं करवून घेतलं. आधी बर्फ पायांनी तुडवायचा, मग अर्धा तास थांबायचं, म्हणजे तो घट्ट होतो. मग तंबू. खाली दोन चटया, एकीवर एक. झोपताना कोरडे मोजे. नाक झोपायच्या पिशवीच्या बाहेर, काहीही झालं तरी बाहेर. "आणि ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट," ताई म्हणाल्या, "तंबूला वर दोन बाजूंना छोट्या खिडक्या आहेत. त्या दोन बोटं उघड्या ठेवायच्या. थंडी वाजली तरी बंद करायच्या नाहीत."

"फट ठेवून झोपा म्हणते," मिस्त्री बायकोच्या कानात पुटपुटला. "आमच्याकडे फट ठेवली तर माणसाला घरी पाठवतात."

"इथे आपण बटाटे ठेवणार नाही आहोत."

शेजारच्या तंबूत एक दंतवैद्य होता आणि त्याची सासू. बायकोने ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं, आणि बुकिंग वाया जाऊ नये म्हणून तिने आईला पाठवलं होतं. सासूबाई सत्तरीच्या, हातभर लांब पायमोजे घालून मजेत. जावई मात्र तंबूच्या खुंट्या अशा जपून ठोकत होता की जणू बर्फ ओरडणार आहे. खारू त्यांना मदत करायला गेली. बर्फ तुडवताना सासूबाईंनी काहीतरी सांगितलं आणि खारू खदाखदा हसली. हसता हसता तिला ठसका लागला. वीस पावलांवर मिस्त्रीच्या हातातला दोर गळून पडला.

"काही नाही झालं रे," बायको म्हणाली. "हसली ती."

त्याला ते दिसत होतं. पण पायांना कोण सांगणार? तो जाऊन उभा राहिला, पाण्याची बाटली पुढे केली, आणि खारूने हसणं आवरून शहाण्यासारखं दोन घोट पाणी प्यायलं.

रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने दोर तीनदा तपासले. चटयांखाली हात घालून बघितलं. आठ वाजता सगळे ताईंच्या लाकडी खोलीत दात घासायला गेले. दंतवैद्याला तिथे अचानक जोम आला होता आणि तो सगळ्यांच्या ब्रशची दिशा सुधारत होता. मिस्त्री मागे राहिला. तंबूत शिरून त्याने वरच्या खिडकीपाशी हात धरला. गार वाऱ्याची बारीक धार तळव्याला लागली. ती धार सरळ खाली, खारूच्या उशीवर पडत होती.

हत्यारांची पेटी गाडीतच असायची. पाइपांना लावायची चंदेरी चिकटपट्टी त्याने आणली, दात लावून तोडली आणि दोन्ही खिडक्या आतून बंद केल्या. मग बाहेर येऊन तंबूच्या कडेने बर्फ दाबला, कुठेही फट राहणार नाही असा. काम सुबक झालं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं. बायकोला यातलं काही बोलला नाही. ती बत्ती विझवूनच आत आली होती.

तरी झोप आली नाहीच. खारूचा श्वास ऐकत तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. पहाटे कधीतरी डोळा लागला असावा, कारण उजाडताना जाग आली ती दात वाजण्याच्या आवाजाने.

त्याने डोळे उघडले. छत पांढरं झालं होतं. उठता उठता डोकं कापडाला लागलं आणि बर्फाची भुकटी तिघांच्या अंगावर पडली, तोंडावर, मानेत. त्याने खारूच्या पिशवीला हात लावला. पिशवी ओली होती. केस ओले, कॉलर ओली, खांदे ओले. ती गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होती आणि ओठ दाबून आवाज बाहेर पडू द्यायचा नाही असा प्रयत्न करत होती.

"चालते मी," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. तिला पिशवीसकट उचलून तो खोलीकडे धावला.

ताईंनी आरडाओरडा केला नाही. खारूला कोरडे कपडे चढवले, ब्लँकेटमध्ये गुंडाळून शेगडीजवळच्या बाकावर बसवलं, हातात गरम सूप दिलं. पाच मिनिटांत दात वाजायचे थांबले, दहा मिनिटांत गाल लाल झाले. "उत्तम आहे ती," ताई म्हणाल्या. मग ओली पिशवी चाचपून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण एवढं पाणी आलं कुठून? शेजारचे दोघं तर ठणठणीत कोरडे आहेत."

पाणी कुठून आलं, ते मिस्त्रीला त्या क्षणी कळलं. आणि कळलं तशी कानशिलं तापली. शीतगृहात ओल बाहेर असते आणि गारवा आत. फट राहिली की ओल आत शिरते. इथे गारवा बाहेर होता, आणि ओल म्हणजे ते तिघं. रात्रभर ते जो श्वास सोडत होते त्याला जायला वाट नव्हती. गारठलेल्या कापडाला लागून तो तिथेच गोठला. बावीस वर्षं शीतगृहातल्या गार कॉइलवरचा बर्फ खरवडणाऱ्या माणसाने हे ओळखायला नको होतं का?

"दोर बघून येतो," म्हणत तो बाहेर पडला. तंबूत शिरला, दोन्ही पट्ट्या टराटरा ओढल्या, चुरगाळून खिशात कोंबल्या. कुणी बघितलं नव्हतं. त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोला. जे व्हायला हवं होतं तेच झालं होतं. मुलगी रात्रभर नीट झोपली नव्हती. ठरलं ते ठरलं. सही नको, सहल नको, आणि विषय कायमचा बंद.

तो परत आला तेव्हा बायको खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. ताई भांडी आवरत होत्या.

"माझंच चुकलं," खारू सांगत होती. "मी झोपेत तोंड आत घेतलं असणार. ताईंनी सांगितलं होतं तरी."

"होतं असं," ताई म्हणाल्या. "नवीन माणसाचं पहिल्या रात्री होतंच."

 मिस्त्री बाकाच्या टोकावर बसला. उठला. पुन्हा बसला. खारूने सूपचा पेला खाली ठेवला आणि मोठ्या माणसासारखं त्याच्या हातावर थोपटलं.

"बाबा, फॉर्म टाकून दे. मी वाचनालयात बसेन. माझ्या छातीला नाहीच जमत. मला चालतं. खरंच चालतं मला."

हे ती इतक्या सहज बोलली, की खिडकीपाशी उभ्या आईचे खांदे हलले. ती रडत होती. आणि मिस्त्रीला वाटलं, ती अकरा दिवसांची खुर्ची बरी होती. तिथे निदान मुलीला आजाराने धरलं होतं. इथे तिला त्याने धरून ठेवलं होतं, आणि वर ती त्याचीच समजूत घालत होती.

"तू तोंड आत नाही घेतलंस," तो म्हणाला.

"घेतलंच असेल रे."

"नाही घेतलंस. मी जागा होतो पहाटेपर्यंत. तुझं नाक बाहेर होतं." त्याने खिशातला चुरगळा काढून टेबलावर टाकला. "खिडक्या मी बंद केल्या. चिकटपट्टी लावून. तुम्ही दात घासायला गेलात तेव्हा. सगळा श्वास आत कोंडला, त्याचं पाणी झालं. तुझ्या छातीचा काही संबंध नाही."

ताईंनी हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. बायको वळली. तिच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. पण तोंड एकदा उघडलं होतं, आणि आता ते मिटेना.

"दुसरं पण आहे. दीड वर्षापूर्वी शेवटच्या तपासणीला मी एकटाच तुला घेऊन गेलो होतो, आठवतं? तू बाहेर मासे बघत बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, हिची छाती साफ आहे. धावू दे, खेळू दे, काय हवं ते करू दे. मी घरी येऊन सांगितलं, जपायला सांगितलंय."



"तू मला हे कधीच..." बायको म्हणाली.

खारू मात्र रडली नाही, ओरडली नाही. तिने भुवया जवळ आणल्या, गणितात उत्तर वेगळं आलं की आणायची तशा. "म्हणजे मी बरी आहे?" तिने विचारलं. "तेव्हापासून?"

"हो."

"जिना चढताना मी मोजून श्वास घ्यायचे. ते नको होतं?"

"नको होतं."

"खेळाच्या तासाला?"

त्याने नकाराची मान हलवली. 

 खारू ब्लँकेट बाजूला सारून उठली आणि हात पुढे केला. "फॉर्म."

त्याने दिला. ताईंच्या नोंदवहीवरचं पेन तिने स्वतःच उचलून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने सही केली. तिने कागद घेतला, सही वाचली, फुंकर मारून वाळवली आणि आपल्या खिशात ठेवून खिशाची चेन लावली.

"आज रात्री मी आणि आई त्या तंबूत," ती म्हणाली. "तू डॉक्टरकाकांच्या तंबूत झोप. आजींना मी विचारते."

"खारू, अगं..."

"मी रागावलेली नाही असं समजू नकोस हं, बाबा." आणि बूट चढवून, टोपी हातातच घेऊन, ती बाहेर पडली.

मिस्त्री खिडकीशी गेला. ती बर्फातून धावत निघाली होती, दंतवैद्याच्या तंबूकडे, आणि तिथे पोहोचूनही थांबली नाही. तंबूला वळसा घातला, मग सगळ्या सहा तंबूंना, मग पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. तिसऱ्या फेरीला ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. तोंडातून वाफेचे लोट निघत होते.

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. "धाप लागलीय तिला."

"धावल्यावर लागते," बायको म्हणाली. तिचा आवाज अजून सरळ झाला नव्हता, आणि लवकर होईल असं दिसत नव्हतं. "बस खाली."

तो बसला. टेबलाखाली त्याचे पाय मात्र हलत होते. बाहेर खारूने चौथी फेरी सुरू केली.