वापराचे ठिकाण

मास्तर रोज सकाळी दुकानाचे शटर आधी अर्धेच उचलत. पूर्ण उचलले की गिऱ्हाईक आत शिरते, आणि इस्त्री तापण्याआधी कोणाची तक्रार ऐकायची नाही, हा त्यांचा नेम होता. ते शिलाई मशीनवरचे फडके काढीत, शटलभोवती साचलेला दोऱ्याचा भुगा ब्रशने झटकीत, तेल सोडीत आणि आदल्या दिवशी खडूने आखून ठेवलेल्या कापडाला कात्री लावीत. दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा होता आणि पडद्यापलीकडे घर. इस्त्री तापेपर्यंत ते आत जात, बायकोला खुर्चीत मान मागे टाकून बसवीत आणि तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सोडीत.

काही दिवसांपासून मात्र ती त्यांचा हात बाजूला सारू लागली होती; त्या दिवशीही तिने सारला.

"नको. लहरीबाबा यायचेत आज."

"थेंब घातल्यानं बाबांचं काय बिघडतं?"

"लहरी अडतात म्हणाले ना. तुम्हीच होतात की समोर."

मास्तर समोर होते, हे खरे होते. त्यांनी बाटलीचे बूच परत लावले.

त्यांच्या बायकोला सारा बाजार काकू म्हणे. काकूंनी घातलेली काजे अशी नेटकी असत, की लोक कोट उलटा करून पाहत. मग ती काजे रेघ सोडून भटकू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, पण उरलेली राखता येईल. नुसत्या थेंबांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लवकर करायला हवी, असे त्यांनी दोघांना समोर बसवून समजावले होते. काकूंनी त्यातले पहिले वाक्य तेवढे उचलले. गेलेले येणारच नसेल, तर उरलेल्यावर सुरी कशाला चालवून घ्यायची, असे त्या विचारीत.

दिवसभर बसून काय करणार, म्हणून मास्तरांनी भिंतीएवढा नवा सपाट टीव्ही आणला. मोठे असले म्हणजे दिसेल, हा त्यांचा भाबडा हिशेब. पण टीव्ही लागला आणि सगळेच चमकले. माणसांचे चेहरे मेणाचे, ओठ जांभळे, केसांभोवती पांढरी कड. उजेड असा, की डोळ्यांत टोचावा. शेजारचा सलूनवाला म्हणाला, याच्यापेक्षा माझा जुना डबा बरा. काकू मात्र हरखल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जे धड दिसत नव्हते, ते बाकीच्यांनाही धड दिसत नव्हते. दोष डोळ्यांत नाही, वस्तूतच आहे, असे म्हणायची सोय झाली होती. ती सोय त्यांनी घट्ट धरली, आणि मास्तरांना ती सोडवून घेववेना.

लहरीबाबांना आणले ते सलूनवाल्यानेच, चांगल्या मनाने. भर उन्हाळ्यात अंगावर शाल, आवाजात मध. बाबांनी आधी रिमोट मागून घेतला. त्याची 'ऊर्जा तपासतो' म्हणत बटणे दाबली, पडद्यावर काहीबाही वाचले आणि गालात हसले. मग रिमोट परत देऊन ते टीव्हीपुढे उभे राहिले. उजवा हात उचलून त्यांनी डोळे मिटले. आणि कोणी कशालाही हात न लावता चित्र पायरीपायरीने निवळत गेले. आधी रंग उतरले, मग उजेड शांत झाला, मग कडा मऊ झाल्या. दोन्हीकडे एकच मळ आहे, बाबा म्हणाले. पडदा बाहेरचा असो की बुबुळावरचा, पुसणारा एकच. थेंबांनी लहरी अडतात, ते बंद करा. काकूंनी त्याच दिवसापासून बंद केले. थोड्या वेळाने चित्र पुन्हा भडकले, पण त्याचेही उत्तर बाबांनी जाण्यापूर्वीच देऊन ठेवले होते: घरात कोणाची श्रद्धा ढळली, की मळ परत बसेल. त्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांकडे चोरून पाहू लागले.

औषध बंद झाल्याचे कळताच लेक रजा टाकून आली. ती दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवी. आल्या आल्या तिने भांडण काढले नाही. वडिलांना दुकानात गाठून तिने बाबांचा एकूणएक हावभाव विचारून घेतला. मास्तर सांगू लागले, आणि सांगता सांगता अडखळले. जन्मभर लोकांच्या अंगावरचे कापड निरखलेला माणूस तो. बाबांचा डावा हात शालीतून एकदाही बाहेर आला नव्हता, आणि मनगटापाशी शालीचा काठ सारखा हलत होता. हे त्यांना तेव्हाच दिसले होते. फक्त ते पाहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

"अप्पा, चित्र एका झटक्यात सुधारलं, की एकेक करत?"

"एकेक करत." मास्तर खाली पाहत म्हणाले. "बटणं दाबावीत तसं."

दुसऱ्या खेपेला बाबा आले तेव्हा पडद्याच्या अलीकडे-पलीकडे माणूस मावत नव्हता. बाबांनी मागल्या वेळी दिलेल्या तांब्याच्या पट्ट्या कित्येकांनी कपाळाला चिकटवल्या होत्या. फळवाल्या मावशींनी विचारले, "बाबा, माझ्या सुनेच्या कपाळावर कायमची आठी असते, तीही पुसता येते का?" लोक हसले, बाबाही हसले, आणि विज्ञान जिथे थकते तिथून आमची वाट सुरू होते, असे म्हणत त्यांनी उजवा हात उचलला.

काही झाले नाही.

बाबांनी हात आणखी वर नेला, दोन पावले पुढे सरकले, पुटपुटणे वाढवले. पडद्यावरचा मेणाचा माणूस जांभळ्या ओठांनी बोलतच राहिला. खोलीत कोणीतरी संशयी आहे, बाबांनी जाहीर केले. सगळ्या माना लेकीकडे वळल्या. काकूंनी तर तिचे मनगट पकडले आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "तू बाहेर जा गं. माझ्यासाठी जा."

"जाते आई. जाताना एवढं काढून जाते."

टीव्हीच्या खालच्या चौकटीवर तिने सकाळीच काळ्या कापडात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला होता. तो तिने उपटला. बाबांचे बोट शालीत अजून घाईघाईने चाललेच होते. पडद्यावर एकदम आवाजाची पट्टी वर चढली, खाली आली, मग सेटिंगची यादी उघडली आणि निवडीची खूण उंदरासारखी वरखाली पळू लागली. मास्तर पुढे झाले. माप घेताना उचलावा, तसा त्यांनी शालीचा काठ हलकेच उचलला. डाव्या हातात फोन होता.

लेकीने समजावून सांगितले. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो आणि टीव्हीच्या त्या काळ्या खिडकीतून आत जातो. काही फोनांतही तशीच सोय असते. खिडकी झाकली की रिमोट मुका, आणि बाबाही मुके. ही आमच्या साधनेची साधने आहेत, असे काहीसे बाबा बोलले. पण तेवढ्यात मावशींनी कपाळावरची पट्टी सोलून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांच्यामागे रांगच लागली. बाबांना बाहेर पडायला वाट करून द्यावी लागली.

सलूनवाला ओशाळला होता, तरी त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. "ताई, फोन तर फोन. पण ते गेल्यावर चित्र आपोआप परत बिघडलं, ते कसं?"

लेक सेटिंगची यादी पाहत खाली गेली आणि थांबली. तिथे लिहिले होते: वापराचे ठिकाण — दुकान.

"ते मीच भरलंय," मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवशी टीव्हीनं विचारलं, घर की दुकान. आपल्या पाटीवर दुकान, वीजबिलावर दुकान. खोटं कशाला सांगू?"

खोलीत हशा पिकला. ते दुकान म्हणजे टीव्ही विकणाऱ्याचे, लेक हसू आवरत म्हणाली. तिथल्या लखलखाटात उठून दिसावा म्हणून चित्र भडक ठेवतात; आणि गिऱ्हाइकाने काही बदलले, तर थोड्या वेळाने टीव्ही स्वतःच मूळपदावर येतो. बाबांनी हे पहिल्याच दिवशी वाचले होते, म्हणून तर ते हसले. श्रद्धा कोणाचीच ढळली नव्हती.

तिने 'घर' निवडले, रंग आणि उजेड बेताचा केला. बातम्या लागल्या होत्या. माणसांना माणसांचे चेहरे आले. लोक वाट पाहत राहिले. वेळ गेला, चित्र हलले नाही. सलूनवाल्याने मान डोलावली.

काकू पुढे झुकून पाहत होत्या. मग त्यांनी हळूच विचारले, "ती दुसरी बाई बोलतेय, ती कुठून बोलतेय?"

दुसरी बाई पडद्याच्या डाव्या कडेला बसली होती, लख्ख दिसत होती. सगळ्यांना.

लोक एकेक करून निघून गेले. काकूंनी एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा, आणि मग हात मांडीवर ठेवून दिले.

"आता कशाचा दोष काढू गं मी?" त्या म्हणाल्या.

लेक त्यांच्यापुढे खाली बसली. "आई, टीव्हीचं कारण टीव्हीत होतं. ते शोधलं, म्हणून गेलं. तुझ्या डोळ्यांचं कारण डॉक्टरांनी शोधून ठेवलंय, आपणच तिकडे पाठ फिरवली. कोणी चमत्कार दाखवला की विचारावं, हे कसं झालं, आणि झाकलं तरी होईल का. डॉक्टरांना विचार. ते चिडणार नाहीत, संशयी म्हणून बाहेरही काढणार नाहीत."

"आणि नाही जमलं त्यांना तर?"

"तर तेही ते तुला खरं सांगतील."

मास्तर पडदा सारून दुकानात गेले. लग्नाच्या कोटाचे गिऱ्हाईक ताटकळत होते. मास्तरांनी कापलेले तुकडे एकावर एक घड्या घालून बांधले, मापाचा कागद टाचला, आणि चौकातल्या दुसऱ्या शिलाईवाल्याकडे ते द्यायला सांगितले. त्या पोराचा हात चांगला आहे, वेळेत देईल. गिऱ्हाईक कुरकुरले, मास्तरांनी माफी मागितली. मग त्यांनी रुग्णालयात फोन लावला, बायको थेंब घालत नव्हती हे न लपवता सांगितले, आणि यायला केव्हा सांगता असे विचारले. उद्याच या, असे उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या लांब मार्गिकेतून ते काकूंच्या डाव्या अंगाने चालले, म्हणजे ज्या बाजूचे त्यांना दिसत नव्हते त्या बाजूने. बाकावर दोघे बसून राहिले. नर्सने आत बोलावले, तेव्हा काकूंनी चपला काढून बाकाखाली सरकवल्या, मास्तरांचा हात सोडला आणि आत गेल्या.