फोनवरची जयश्री

खुर्चीच्या उजव्या हाताखालचा तो स्क्रू आज पुन्हा थोडा बाहेर आला होता, आणि कुर्त्याचा एक धागा त्याने पुन्हा धरून ठेवला होता. बसताना धरतो, उठताना ओढतो. जयश्रीने न बघता बोटांनी तो चाचपला, पिळून आत घालायचा प्रयत्न केला, नख दुखलं म्हणून सोडून दिला. शिपायाला सांगायला हवं. पण सांगितलं की तो म्हणणार, ताई, खुर्चीला काही झालेलं नाही… आणि पुढचं वाक्य तोंडाने न म्हणता नजरेने म्हणणार. त्यापेक्षा धागा गेलेला बरा. तसे या कुर्त्याचे सात-आठ धागे आधीच गेलेत, एक अजून.

डावा पाय हलत होता. सकाळपासून हलत होता, शहापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होती तेव्हासुद्धा. पर्समध्ये अर्ज होता, चार घड्या घातलेला. आठ दिवस तो पर्समध्ये आहे आणि आठ दिवस ती त्याला शहापूर–मुरबाड, मुरबाड–शहापूर फिरवून आणते आहे. आज शनिवार, म्हणजे आजच. सोमवारी सुनिल सर वैशाखऱ्याच्या टेकडीवरच्या साइटवर यापुढे कोण जाणार त्याची नावं घेऊन ठाण्याच्या ऑफिसात जाणार, आणि एकदा नावं गेली की गेली.

साइटवर जाणाऱ्याला चोवीस हजार, शिवाय विकल्या जाणाऱ्या प्लॉटमागे वेगळे. फोनवर बसणाऱ्याला तेरा. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रिंटर तिच्या टेबलाला लागून आहे, आणि एक दिवस त्यातून दिशाच्या पगाराचा कागद बाहेर आला, गरम गरम. दिशाला लागून दीड वर्ष झालं. मला सहा. कागद थंड होईपर्यंत मी तो हातात धरून बसले होते.

तशी ती भांडखोर नाही. आज सकाळी एसटीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता मोठ्याने विचारलं, "ताई, तिकीट अर्धं आणि सीट दीड, हा कुठला हिशोब?" आणि सगळी गाडी हसली, तेव्हा तीही हसली होती. आपण आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, हे ती चौथीत असतानाच शिकली. पण किन्हवलीपर्यंत हसू ओठांवर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं, आणि सरळगाव येईपर्यंत मनात एकच चाललं होतं – एसटीत अर्धं तिकीट, ऑफिसात अर्धा पगार. सरकारने निदान बायकांचं सांगून अर्धं केलं. इथे तर…

इथे तर नावसुद्धा अर्धं आहे.

ऑफिस म्हणजे मुरबाडच्या रस्त्यावरचे दोन गाळे, मध्ये प्लायवूडची भिंत. बाहेर सोफा, साइटचा रंगीत नकाशा, सर आणि दिशा. आत प्रिंटर, पाण्याचे जार, फायली आणि जयश्री. डोंबिवली-ठाण्याची माणसं जाहिरात बघून फोन करतात, फोन जयश्री घेते. पहिल्या फोनला माणूस फक्त भाव विचारतो. तिसऱ्याला तो आपल्या रिटायरमेंटबद्दल बोलायला लागतो, आणि पाचव्या फोनला म्हणतो, येतो बघायला, तुम्ही असाल ना? असेन की, या ना. आणि मग रविवारी तो येतो तेव्हा सोफ्यावरून दिशा उठते, पोपटी ओढणी सावरते आणि म्हणते, "नमस्कार, मी जयश्री."

हे दीड वर्षापूर्वी सुरू झालं. त्याआधी बाहेर जयश्रीच उठायची. एकदा ठाण्याचे एक गृहस्थ आले, तिला नखशिखान्त पाहिलं आणि हसून म्हणाले, "अरे! फोनवर तुम्ही वेगळ्याच वाटलात." ते प्लॉट न घेताच गेले. रस्ता अरुंद आहे म्हणून गेले, तसं त्यांनी सांगितलंही. पण सरांच्या डोक्यात ते 'वेगळ्याच' बसलं. पंधरा दिवसांत दिशा आली, बारीक, गोरी, स्वभावाने चांगली, आणि प्लायवूडची भिंत आली, आणि भिंतीबरोबर नियम आले. बाहेर पार्टी असेल तर आत बोलायचं नाही, कारण आवाज ओळखतात. पार्टी साइटवर असेल तर तिचा फोन उचलायचा नाही, कारण जयश्री तर त्यांच्या शेजारी उभी आहे.

सरांनी हे सगळं गोड बोलून केलं, तोच तर त्रास आहे. ओरडले असते तर भांडता आलं असतं. "तुमच्या तब्येतीसाठीच हो. तिथे चढ आहे, दम लागेल." आणि मागच्या वर्षी म्हणाले, दहा किलो कमी करा, साइट तुमची. तिने केले. दहा नाही, आठ. चार महिने एक भाकरी आणि काकडी, काकडी आणि एक भाकरी, आणि एका दुपारी सरळगावच्या स्टँडवर डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा कुणा अनोळखी बाईने तोंडावर पाणी मारलं. आठ किलो गेले ते ऑफिसात कुणालाच दिसले नाहीत. सर म्हणाले, "छान, चालू ठेवा." मग ते किलो परत आले, दोन जास्त घेऊन आले, आणि ते मात्र सगळ्यांना दिसले.

दम लागेल म्हणे! त्या टेकडीच्या पायथ्याशी माझं माहेर आहे. पावसाळा सरला की त्या चढावरून आम्ही गवताचे भारे उतरवायचो, आणि कापणीला शेतातून खळ्यावर भाताचे. बायका हाका मारायच्या, जयश्रीला बोलवा गो, ती दोघींचा भारा एकटी नेते. तेव्हा ही मान, हे खांदे, हे दंड कुणाला जड वाटत नव्हते. कौतुकच व्हायचं. पण संध्याकाळी मजुरी वाटताना पुरुषांच्या हातावर जास्त, बायकांच्या हातावर कमी, आणि आई – हिराबाई – पदराला गाठ मारत एकदा म्हणाली होती, "भारा उचलताना कोन बाई-बाप्या बघत नाय गो. पैसं देताना बघतात." तेव्हा जयश्रीला वाटलं होतं, आपण शिकू, नोकरी करू, म्हणजे हे संपेल. आईचं ऐकून तेव्हा राग आला होता तो आईचाच. आता आईच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, मोतीबिंदू काढून चारच दिवस झालेत, आणि ती फोनवर रोज विचारते, काय झालं गो तुझ्या अर्जाचं?

बाहेर गाडीचं दार वाजलं.

"नमस्कार काकू, मी जयश्री."

प्रमिला काकू. डोंबिवलीच्या. बाहेर काकांना काही सांगत होत्या त्या आवाजावरून आतच कळलं, आणि जयश्रीचा पाय क्षणभर थांबून पुन्हा हलायला लागला. दोन महिन्यांत अकरा फोन. गुडघे, सुनेचा स्वभाव, काकांचा बायपास, आणि शेवटच्या फोनला तर प्लॉटचं नावही निघालं नव्हतं. जयश्रीनेच न राहवून आईच्या डोळ्याचं सांगितलं होतं, आणि काकूंनी पथ्य लिहून घ्यायला लावलं होतं.

"आवाज वेगळा वाटतो गं तुझा."

"सर्दी झालीय थोडी," दिशा म्हणाली. हे उत्तर जयश्रीनेच तिला शिकवलेलं.

"आणि आईचा डोळा? पट्टी सुटली का?"

दिशाला यातलं काही माहीत नव्हतं. जयश्रीने तोंडावर तळहात दाबला. नाही सुटली, मंगळवारी सुटणार आहे… दोन मीटरवर माझ्या आईची चौकशी चाललीय, आणि मला श्वाससुद्धा जपून घ्यायचा आहे.

"आई मस्त आहे काकू," दिशा म्हणाली. "चला ना, ऊन चढायच्या आत साइट बघून घेऊ."

जाता जाता दिशा पाण्याची बाटली घ्यायला आत आली. हातात स्टीलचा डबा होता. तो टेबलावर ठेवून ती हळूच म्हणाली, "ताई, लाडू आणलेत त्यांनी. तुमचेच आहेत ते, खरं म्हणजे. मी नाय खात गोड." आणि तिची नजर खाली गेली. तिला वाईट वाटत होतं, हे जयश्रीला दिसलं, आणि ते दिसलं म्हणून तिला आणखीच राग आला. हिच्यावर धड रागावताही येत नाही.

गाडी गेली. जयश्री उठली, स्क्रूने धागा ओढला. तिने घड्या उलगडल्या आणि अर्ज सरांच्या पुढ्यात ठेवला.

सरांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या. 'मला साइटवर काम करण्याची संधी मिळावी…' आणि कागद बोटाने हलकेच मागे सरकवला.

"जयश्री मॅडम, तुमचा आवाज म्हणजे या ऑफिसची लक्ष्मी आहे. लक्ष्मीला कुणी उन्हात उभं करतं का?"

"सर, माझं माहेर तिथलंच आहे. मी तो चढ—"

"माहेर वेगळं, पार्टी वेगळी. माणूस जागा बघायला येतो, पण आधी समोरचं माणूस बघतो. मी नाही बनवली हो दुनिया." ते हसले. "होळीपर्यंत थोडं कमी करा. मग बघू."

ती बरं म्हणाली. बरं! जीभ झडली नाही माझी. लक्ष्मीला तेरा हजार का, हे विचारायचं होतं, आठ किलोंचं काय झालं हे विचारायचं होतं, आणि तोंडातून निघालं काय तर बरं. ती अर्ज उचलून आत येऊन बसली. डबा उघडला, बंद केला. पाय इतका हलायला लागला की टेबलावरचा पेन घरंगळून खाली पडला आणि तो उचलायला वाकण्याचीही इच्छा होईना.

तासाभराने फोन वाजला. प्रमिला काकू.

उचलायचा नाही. पार्टी साइटवर आहे. वाजून बंद झाला, आणि पुन्हा वाजला. काकूंचे गुडघे… चढावर पडल्या तर नसतील? तिने उचलला, आणि सवयीने आवाज आपोआप फोनचा झाला.

"हॅलो, जयश्री बोलतेय."

"हं, आता कसा आला तुझा आवाज! अगं, मी खालीच बसलेय गाडीत, गुडघ्यांनी नको म्हटलं. ह्यांचा फोन लागत नाही. पोचलात का वर?"

काकूंना वाटत होतं, जयश्री टेकडीवर आहे. जयश्रीने डोळे मिटले. आता या वेळी वर काय काय असेल ते तिला पाठ होतं. डावीकडे करवंदाच्या जाळ्या, कातळाचा उघडा तुकडा, खाली कापलेल्या शेतांत रचलेल्या भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या आणि पलीकडे माळशेजचा डोंगर.

"पोचलो काकू. काकांना कातळावर बसवलंय जरा."

"बरं केलंस. त्यांना सावकाश उतरव हो. आणि तुला बघ, जरासुद्धा दम लागला नाही! अंगाने सडसडीत असण्याचा हा फायदा, बाई." काकू हसल्या. "मघाशी ह्यांच्यासमोर तू तुटक बोललीस. खरं सांग, आईची पट्टी सुटली?"

"मंगळवारी सुटणार," जयश्री म्हणाली. "घाबरलीय ती. म्हणते, दोन्ही डोळ्यांनी बघून तरी काय करू."

"तिला म्हणावं, लेकीला बघ."

पलीकडे सरांची खुर्ची करकरली. जयश्रीने आवाज बारीक केला, मग तिच्या लक्षात आलं की आपण तो बारीक केला आहे. अर्ज समोर पडला होता. 'संधी मिळावी.' कसली संधी मागत होते मी? त्या पोपटी ओढणीत शिरायची? काकू डोंबिवलीहून दुखरे गुडघे घेऊन आल्या त्या काही ओढणी बघून आल्या नव्हत्या. ज्यासाठी आल्या ते काम या मोडक्या खुर्चीत बसून झालं होतं, या अंगाने, या गळ्याने. ते झालंच आहे. त्याचे पैसे दुसऱ्या माणसाकडे जातात, आणि मी अर्ज करते की मला ते दुसरं माणूस करा.

"अगं, दिसलीस!" काकू ओरडल्या. "वर कडेला, पोपटी ओढणी, तूच ना? मी हात करतेय बघ. तूही कर ना!"

जयश्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कर की हात. अगं… तू तर दोन्ही हातांनी ह्यांना काहीतरी दाखवतेयस. फोन कुठंय तुझ्या हातात?"

सहा वर्षांत एकाही प्रश्नाला तिने इतका वेळ लावला नव्हता. उत्तरं होती. कानात इअरफोन घातलाय काकू, असं म्हणता आलं असतं आणि काकूंनी ते मानलंही असतं. प्लायवूडच्या भिंतीखालच्या फटीतून सरांचे बूट दिसत होते. ते दाराकडे वळले होते.

"ती मी नाही, काकू," जयश्री म्हणाली. बारीक आवाजात नाही.

"म्हणजे? मग तू कुठे आहेस?"

दारात सर उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे – मांडीवर ठेवलेला हात, खुर्चीच्या दोन हातांमध्ये गच्च बसलेली आपण, कुर्त्याचा लोंबणारा धागा. नोकरी जाईल हे कळत होतं, आणि तरी सांगण्यासारखं इतकं काही एकदम वर येत होतं की सुरुवात कुठून करावी ते सुचेना. काकू वाट बघत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. टेबलाखाली डावा पाय थांबला होता. केव्हा थांबला, ते तिला कळलंच नव्हतं.