शेजारी राहणारा टीव्ही

तात्याराव सरांच्या पत्राला गोपीचंदरावांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. फोनवरची तक्रार सरांना मान्य नव्हती, म्हणून त्यांनी परभणीहून रीतसर लिहिलं होतं: "नवीन राउटरला पेन ड्राइव्ह लावला, तरी नातीच्या लग्नाची फिल्म टीव्हीवर येत नाही. तुम्ही ग्रंथपाल होता. कारण कळवा."

गोपीचंदरावांनी पत्रासोबत आलेलं राउटरचं माहितीपुस्तक तीनदा वाचलं आणि स्वतःच्या अकलेवर शंका घेतली. शेवटी पाथरीहून एसटीने ते परभणीला गेले. पेन ड्राइव्ह चांगला होता, राउटरही. टीव्ही मात्र दोन वर्षांपासून शेजाऱ्याच्या वायफायवर होता, तो अजून तिथंच; सरांच्या राउटरवरचं त्याला दिसणार कसं?

"सापडलं का?" सरांनी विचारलं.

"बघायलोय, सर."

"यांना फुकटचा चहाबी चालत न्हाई," सरांच्या पत्नी सगुणाबाई कौतुकानं म्हणाल्या. "शाळेत स्वावलंबनच शिकवलं जन्मभर."

आता खरं सांगितलं तर चाळीस वर्षांची मैत्री तुटायची. "पत्रानं कळवतो," म्हणून गोपीचंदराव चहा पिऊन परतले.

घरी त्यांनी तीन मसुदे फाडले. चौथ्यात लिहिलं: "सर, पेन ड्राइव्ह आपल्या घरात आहे, टीव्ही अजून शेजारी राहतो. दोघांना एकाच वायफायवर आणा." मग त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.