बायकोचं खरं वय

माझी बायको माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, आणि हे मला माहीत नाही असं तिला तीस वर्षं वाटत होतं. लग्नाआधी मी परीक्षा मंडळात कारकून होतो. तिच्या जन्मतारखेच्या दाखल्याच्या नकलेवर शिक्का मीच मारला होता. पुढे तिचंच स्थळ सांगून आलं, तेव्हा वय चार वर्षांनी कमी झालेलं. मुलगी आवडली होती, मी कशाला तोंड उघडतोय?

सगळं सुरळीत चाललं होतं, बाईसाहेबांना धावायचं वेड लागेपर्यंत. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ते उघडण्याआधी ती आणि तिची थोरली जाऊ, म्हणजे माझी वहिनी, तळ्याभोवती धावतात. आमच्या धावण्याच्या क्लबाच्या वार्षिक शर्यतीचा कप पहिल्या येणारीला मिळत नाही. तुमच्या वयाची जगातली सर्वांत वेगवान बाई किती वेळात पोचली, त्याच्याशी तुमचा वेळ ताडून टक्के काढतात. वय वाढलं की तो जागतिक वेळही वाढतो, त्यामुळे वय जास्त असलं की फायदाच. बायको दरवर्षी वहिनीच्या पुढे पोचायची आणि टक्क्यांत मागे पडायची. तीन कप वहिनीच्या कपाटात गेले. त्यानंतर आमच्याकडे आठवडाभर भांडी आपटत.

क्लबाच्या नोंदी मीच ठेवतो. खरं वय घातलं असतं तर तिन्ही कप आमचे होते, पण सांगणार कोण? मी दरवर्षी तिचे दोन फॉर्म भरायचो. खोटा फाइलीत, खरा खिशात.

यंदा फळ्यावर लागलं: वहिनी, वय साठ, चौसष्ट पूर्णांक आठ टक्के. बायको, वय सत्तावन्न, त्रेसष्ट पूर्णांक नऊ.

वहिनीने कप उचलला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. माझ्या वयाची झालीस की तुलाही मिळेल!"

बायकोच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती तरातरा माझ्या टेबलापाशी आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वय चुकलंय. एकसष्ट लिहा."

मी खिशातला फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला, जन्मतारखेसकट. हिशेब केला. सदुसष्ट टक्के. वहिनीने कप हळूच खाली ठेवला.

बायको फॉर्म वाचतच राहिली. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"लग्नाआधीपासून."

तिचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. तीस वर्षांची भीती एकदाची गेली, आता चार शब्द गोड बोलेल, असं वाटलं.

"लग्नाआधीपासून!" ती कडाडली. "आणि तीन वर्षं मला हिच्याकडून हरू दिलंत?"