मे महिन्याचा कांदा

सहा वर्षं माझ्या कुंडीतलं फूल मी सोडून आख्ख्या आळीने पाहिलं. मे फ्लॉवरचा कांदा तो. वर्षभर मातीत लोळत पडायचं आणि मे महिन्यात लाल चेंडूएवढं एकच फूल द्यायचं, तेही आठवडाभर. आणि मेमध्ये आम्ही कुठे? गुहागरला, ह्यांच्या गावी! एक तारखेची एसटी चुकली तर आमच्या सुधाकररावांचं नाक कापलं जातं.

कांदा साताऱ्याहून आईने दिलेला. "फुलला की कळव," म्हणाली होती. जूनमध्ये परत आलं की शेजारच्या आग्नेसआंटी कुंपणावरून सांगायच्या, "फूल आलेलं हां, वहिनी!" तेवढ्यावर मी आईला फोनवर रंगवून रंगवून सांगायची. ती खूश. मला मात्र लाज वाटायची.

दिवाळीनंतर आई गेली. यंदा मी ठणकावलं, गावाला येणार नाही.

"एका कांद्यापायी?" हे म्हणाले.

"हो, एका कांद्यापायी!"

हे एकटेच गेले, तोंड फुगवून. मी कुंडीपुढे ठाण मांडलं. दहा तारीख उजाडली तरी कोंब नाही. मेलं फूल, माझ्याशीच वैर!

अकराला फाटक वाजलं. आग्नेसआंटी, हातात कात्री. मला बघून दचकल्याच.

"तू हायस? साहेबांना जाताना बघितलं, वाटलं दोघंही गेलात. मी फूल न्यायला आलेली. मे महिन्यात मरिया माउलीला वाहतो ना आम्ही. साहेबच बोललेले, आम्ही नसतो, खुशाल न्या."

म्हणजे सहा वर्षं! आणि ह्या माणसाने मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी काही बोलणार, तोवर त्यांनी कुंडीत बोट घातलं. बोट सरळ आत गेलं. कांद्याचा लगदा झाला होता.

"पानी घातलंस काय थंडीत?"

"रोज. आई गेल्यापासून एक दिवस चुकले नाही."

"थंडीत त्याला कोरडं झोपू द्यायचं गो," त्या हळूच म्हणाल्या.

मग मी रडले. रागाने रडले. आईचा कांदा मीच मारला होता, लाड करून करून.

आंटी जरा वेळ कात्रीशी चाळा करत राहिल्या. "एक सांगू? रागवू नको. दोन वर्षांमागे ह्याच्या बाजूला पिल्लू आलेलं, बारका कांदा. मी नेलं. न विचारता."

मी तरातरा त्यांच्या वाडीत शिरले. भांडायचं होतं मला. विहिरीशेजारी, केळीच्या सावलीत, लाल चेंडू उभा होता. केवढा! फोनवर मी आईला सांगायची त्यापेक्षाही मोठा.

आंटी मागून आल्या. "हे मी उद्यासाठी ठेवलेलं. तुझं नेनार होते आज. आता हेच कापू?"

"उद्या कापा," मी खालीच बसत म्हटलं. "आज आईला सांगायचंय."