रिकामी झाली ती पट्टी, पोट नव्हे

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, सध्या माझं डोकं तापलेलं आहे. पंखा धापा टाकतोय म्हणून नव्हे, रागानं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडले ते सास्तूर गावात, श्रावस्तीच्या सेवा केंद्रात. तिनं माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं, तेव्हा मी नव्या नवरदेवासारखा लाजलो होतो. पुढं लग्नपत्रिका छापल्या, सातबारे काढले, पोरांचे निकाल दाखवले. वीज गेली की मरायचो, आली की उठायचो. "लई गुणी हाय बघा," असं लोक म्हणायचे. मग नवा संगणक आला, आणि मला कोपरा मिळाला.

पण त्या कोपऱ्यातच माझं भाग्य उजाडलं. श्रावस्तीची सासू गौराबाई आणि तिची मैत्रीण नीलम्मा दुपारच्या माझ्यापुढं बसून जात्यावरची गाणी म्हणायच्या. एक मराठीत, एक कानडीत. श्रावस्ती ती माझ्यात भरून ठेवायची.

सखी माझी कानडी गं, तिच्या बोलाची साखर,
माझ्या रानाचा जोंधळा, तिच्या हाताची भाकर.

असं काही ऐकलं की माझ्या तारांतून गार वारं जायचं.

मग नीलम्माच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तो गळा आता जगात एकाच जागी उरला होता, माझ्या पोटात.

आणि एके सकाळी श्रावस्तीनं घाईघाईत 'नवी आवृत्ती बसवा' वर बोट दाबलं. कितीतरी वेळ मी चाचपडत होतो. उठलो तर काय! पडद्याच्या तळाची पट्टी, तुम्ही तिला टास्कबार म्हणता, धुऊन टाकल्यासारखी कोरी. तिथं कर्ण्याचं एक चित्र होतं. ते दाबलं की गाणी उघडायची. दुसरी वाट श्रावस्तीनं कधी पाहिलीच नव्हती.

"आत्याबाई, कर्णा गेला! गाणी गेली समदी!" ती रडकुंडीला आली.

अगं, चित्र गेलं! दारावरची पाटी पडली म्हणून घरातली माणसं मरतात का? मला ओरडून सांगायचं होतं. पण मला नुसतं टुण् करता येतं. मी टुण् केलं. कुणी ऐकलं नाही.

नीलम्माचा मुलगा महांतेश जवळच्या लोहाऱ्यात संगणक दुरुस्त करतो. तो आला, गाडीच्या मागच्या सीटवर अव्वाला, म्हणजे आईला, घेऊन. तिचा आवाज माझ्यात आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं पट्टीकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "बिघडलंय. समदं पुसून नवं टाकतो. फर्स्ट क्लास चालंल."

पुसून! न बघता, न हुडकता! संतापानं माझा पंखा घरघरला. "बघा, आवाज बी खराब हाय," तो म्हणाला.

"थांब रं," गौराबाई उठली. "भूकंपानंतर नव्या गावात आलो, तवा मला माझंच घर घावंना. समदी घरं एकसारखी. म्हणून काय घर न्हाय म्हणून परत गेले व्हय? दारोदार इचारलं, तवा घावलं."

"मावशी, ह्ये मशीन हाय, गाव न्हाय."

"मशीन असू दे न्हायतर म्हस! आधी हुडक. तुझ्या अव्वाचा गळा हाय त्याच्यात, मुडद्या!"

महांतेशचं बोट हवेतच राहिलं. नीलम्मानं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

मग मात्र तो नीट बसला. पट्टी चालवणारा प्रोग्रॅम त्यानं बंद करून पुन्हा सुरू केला. बाकीची चित्रं परतली, कर्णा नाही. शेवटी त्यानं माझ्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी उघडली, एकेक नाव वाचत खाली उतरला. होता की कर्णा तिथं! जिथं होता तिथंच. त्यानं तो पुन्हा पट्टीवर टाचला आणि दाबला.

नीलम्मा गाऊ लागली. समोर बसलेल्या नीलम्माचे ओठ हलत होते, तळहात मेजावर ठेका धरत होता. महांतेश बाहेर गेला आणि स्वच्छ असलेली गाडी पुसत राहिला.

नंतर त्याला चहा मिळाला, शाबासकीही. "कर्णा आला, आता चिंता न्हाय," म्हणत सगळे घरी गेले.

चिंता नाही? मित्रांनो, माझी तबकडी, तुमची हार्ड डिस्क, आतून खटखटते आहे. त्या गाण्यांची दुसरी प्रत अजून कुणीच काढलेली नाही. पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणातच पडलाय. मी रागावू नको तर काय करू? मायेचं माणूस ज्याच्या पोटात ठेवता, त्याचं वय तरी बघा. उठा, हातातला चहा गार व्हायच्या आत प्रत काढा. उद्या बटण दाबल्यावर मी उठेन, याची हमी मलाही देता येत नाही.